दुकानासाठी तो गेला नव्हता

आमच्या क्रीडा मंडळात कोणी सरावाला येईनासा झाला की अजून म्हणतात, "गेला वाटतं दुकानावर." हा विनोद पहिल्यांदा मी केला होता. ज्याच्यावर केला तो आमच्या खो-खो संघातला सर्वांत चांगला पळणारा गडी होता, आणि तो दुकानासाठी गेला नव्हता. तो का गेला, हे त्याने मला तोंडावर सांगितलं होतं. तेच आता लिहितो आहे.

फाळणीनंतरची ती वर्षं. मी अंबरनाथला कारखान्यात लागलो होतो आणि कारखान्याच्या पोरांनी उभ्या केलेल्या खो-खो संघाचा कप्तान होतो. पगाराच्या दिवशी गेटबाहेर जवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातले सिंधी विक्रेते येत. त्यांत एक माझ्याच वयाचा, उंच आणि काटक, खांद्यावर कटपीस कापडाचं गाठोडं घेऊन यायचा. माल खपला की घरी न जाता आमचा सराव बघत बसायचा. एकदा आमचा एक गडी तापाने आला नाही. मी त्याला विचारलं, "दौडना आता है?"

"साईं, कराचीपासून दौडतच आलोय," तो म्हणाला, आणि गाठोडं आंब्याखाली ठेवून मैदानात उतरला.

त्या संध्याकाळी त्याला कोणी शिवू शकलं नाही.

आम्ही सगळे साखळी पळायचो. म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी वळणं घेत एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जायचं. दम पुरतो, वेळ निघतो. तो मात्र मधल्या दोन-तीन बसलेल्या गड्यांभोवतीच गोल फिरायचा, पाठलाग करणाऱ्याच्या हाताच्या अगदी टप्प्यात. सिंधमधल्या त्याच्या गावी एकाला मध्ये घेऊन सगळ्यांनी धरायचा खेळ होता, त्यात तो वाढला होता. लांब पळणं त्याला ठाऊकच नव्हतं. जवळ राहून हुलकावणी देणं, एवढाच त्याचा खेळ.

पोरांनी त्याचं नाव 'शेठ' पाडलं. "शेठ, उधारीवर पळतोस काय? एकदा हात लावू दे की!" तोही कमी नव्हता. "रोख लाओ," म्हणायचा. सरावानंतर आमच्याबरोबर भाकरी खायचा. लसणाच्या चटणीने डोळ्यांत पाणी यायचं, तरी पुन्हा मागायचा.

एकदा बदलापूरच्या संघाशी सामना ठरला. भात कापून मोकळं झालेलं त्यांचं शेत, आणि बघायला अख्खं गाव. पहिल्या तुकडीत पळायला आम्ही तिघं उतरलो: तो, मी, आणि कारखान्यात माझ्याच खात्यात असलेला माझा जिवलग मित्र. पाठलाग करणारा मागे लागताच शेठने मध्ये गोल धरला. लोक उभे राहून ओरडू लागले. बदलापूरचेसुद्धा.

इथे काय झालं ते नीट सांगायला हवं. साखळीत पाठलाग करणाऱ्याच्या पाठीमागची जागा सुरक्षित असते, कारण त्याला मागे फिरता येत नाही. आम्ही मोकळे गडी सवयीने तिथेच उभे राहायचो. पण ज्याचा पाठलाग चालू आहे तो गोल पळतो तेव्हा क्षणाक्षणाला खो मिळतो, नवा माणूस उठतो आणि हवी ती दिशा धरतो. आत्ता पाठ होती तिथे लगेच तोंड येतं. म्हणून बाकीच्या दोघा मोकळ्या गड्यांनी लांब, खांबांजवळ उभं राहायला हवं. हे शेठने मला सरावात दोनदा सांगितलं होतं. "कप्तान, मी गोल करतो तेव्हा तू दूर." मी ऐकलं नव्हतं. कप्तानाला कालचा आलेला माणूस जागा सांगतो, हे मला रुचलं नव्हतं.

खो मिळालेला गडी उठला तो थेट माझ्या अंगावर. मी घाबरून वळलो आणि मागे उभ्या मित्रावर आदळलो. तो पडला. त्या गड्याने आधी मला शिवलं, मग त्याला. एकटा शेठ राहिला. त्याने पुष्कळ वेळ काढला, पण पुढच्या तुकड्यांनी दम सोडला आणि आम्ही हरलो.

मित्र गुडघा धरून विचारत होता, "आपण बाद कसे झालो रे?" मी म्हणालो, "शेठच्या त्या गोलामुळे."

दुसऱ्या दिवशी मी फर्मान काढलं की यापुढे सगळ्यांनी साखळीच पळायचं. शेठने खरंच प्रयत्न केला. पण साखळीत तो गाडीला जुंपलेल्या हरणासारखा दिसायचा. लांब पळताना कोणीही त्याला गाठत असे. पोरं हसू लागली. एका संध्याकाळी तो सरावाआधी माझ्याकडे आला.

"कप्तान, मी जातो."

"का? बाप धंद्यावर बोलावतो काय?"

"बाप तो बोलता है, तू खेळ. तुमचा खेळ चांगला आहे, पण माझा नाही. मी साखळी पळलो तर तुमचं नुकसान. गोल पळलो तर तू दूर उभा राहणार नाहीस. मग मी इथे काय करू?"

त्याने हात पुढे केला. मी मिळवला. इतर पोरांना रामराम करून तो स्टेशनच्या वाटेला लागला. त्याला अडवून "तू गोल पळ, आम्ही दूर उभे राहतो" एवढं म्हणायला मला जमलं नाही.

पोरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "सिंधी माणूस तो. गेला दुकानावर." सगळे हसले. तेव्हा त्यांचं दुकान नव्हतंच, गाठोडंच होतं.

पुढच्या मोसमात तो बदलापूरकडून आमच्याविरुद्ध उतरला. त्यांचे दोन गडी खांबांना चिकटून उभे आणि मध्ये त्याचा गोल. आमची पोरं ओरडत होती, "शेठ, दुकान बंद केलंस काय? कितीला विकला गेलास?" ज्यांच्याबरोबर त्याने भाकरी खाल्ली होती तेच. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो.

पुष्कळ वर्षांनी तो वारल्याचं कळलं तेव्हा मी कॅम्प तीनमध्ये त्याच्या नातवाच्या दुकानात गेलो. तुझे आजोबा खो-खो पळायचे, म्हणालो. तो हसला. "अंकल, दादा तो गिऱ्हाइकाच्या मागे पण कधी धावले नाहीत." घरी त्याने कधी सांगितलंच नव्हतं. मी बसून सगळं सांगितलं. चहा निवला तरी पोरगा ऐकत होता.

मग मी मंडळाच्या सभेत उभा राहिलो. चिटणीस म्हणाला, "काका, इतक्या वर्षांनी कशाला आता?"

"तुम्ही अजून हसता म्हणून," मी म्हणालो, आणि सामन्यापासून हस्तांदोलनापर्यंत सगळं सांगितलं.

माझा तो जिवलग मित्र पुढच्याच खुर्चीवर होता. आयुष्यभर तो त्या पराभवासाठी शेठला शिव्या देत आला. त्याने विचारलं, "म्हणजे मला बाद कोणी केलं?"

"मी."

तो काठी घेऊन उठला आणि निघून गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. न बोलो. हे मी त्यालाही वाचायला पाठवणार आहे.