रडा नंतर, आधी खोका

हृदयाच्या अतिदक्षता विभागात तिला सगळे खवीस म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण पाठीमागे बिनधास्त. ती तिथली फिजिओथेरपिस्ट. छाती उघडायची, हृदय दुरुस्त करायचं, कापलेलं हाड तारेनं शिवायचं, हे सर्जनचं काम. त्यांच्यापुढे नातेवाईक हात जोडून उभे. आणि दुसऱ्या सकाळी, साधा श्वास घेतला तरी डोळ्यांपुढे काजवे चमकतात तेव्हा, त्याच माणसाला उठवून बसवायचं आणि खोकायला लावायचं, हे हिचं काम. हिला कोण हात जोडणार? हिच्या वाट्याला शिव्या.

बरं, खोकणं म्हणजे काही छळायची हौस नव्हे. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेत पडून राहतो, कफ आत साठतो, फुफ्फुसाचा तळ मिटत जातो, ताप चढतो, आणि श्वासाच्या मशीनवरून सुटलेला माणूस परत मशीनवर जातो. तिथून सगळेच परत येत नाहीत. हे तिनं इतक्यांदा पाहिलं होतं की पेशंटचं 'नको' तिच्या कानात शिरतच नसे. एक छोटी घट्ट उशी त्याच्या छातीशी द्यायची, दोन्ही हातांनी आवळून धरायला लावायची, म्हणजे शिवलेल्या हाडाला आधार मिळतो, आणि म्हणायचं, "रडा नंतर, आधी खोका."

हे वाक्य मुळात तिचं नव्हतंच, तिच्या दादाचं होतं. बाप लवकर गेला आणि दादाच बाप झाला. त्यानं तिला सायकल शिकवली ती आरडाओरडा करून. कोपर सोलून निघालं तरी उचलायला आला नाही. लांबूनच ओरडला, "रड नंतर, आधी पेडल मार!" पुढे त्यानं ड्रायव्हिंग स्कूल काढलं आणि अर्ध्या गावाला असंच ओरडून गाडी शिकवली. त्याचे विद्यार्थी अजून त्याला घाबरायचे आणि अजून त्याचं नाव काढायचे.

त्या दादाच्या बायपासची वेळ आली तेव्हा तिनंच हट्ट धरला, "आमच्याच हॉस्पिटलात करायचं. मी आहे ना." त्याच्या जुन्या चौकड्याच्या शर्टाची तिनं स्वतः उशी शिवली आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याच्या हातात दिली.

"ही धरून खोकायचं. कळलं?"

"तू मला खोकायला शिकवणार, धाकटे? अगं, जन्मभर सिगारेट ओढलीय मी. खोकण्यात माझा हात कोण धरणार!"

वहिनीसुद्धा हसली. ऑपरेशन छान झालं, सर्जननं पाठ थोपटून घेतली, घशातली नळी निघाली.

दुसऱ्या सकाळी ती दादाच्या बेडपाशी गेली. त्याला बसवलं, उशी छातीशी दिली. तो एकदाच खोकला, आणि असा ओरडला की शेजारच्या बेडवरचा म्हातारा दचकला. "अजून एकदा," ती म्हणाली. दादानं तिचा हात झटकला.

"चालती हो! तू नकोस मला. त्या दुसऱ्या मुलीला पाठव. काळीज आहे की दगड गं तुझं?"

"अगं, सख्खा भाऊ आहे तुझा," वहिनी डोळ्यांना पदर लावत म्हणाली. "पेशंट नाही."

नर्स बघत होती, वॉर्डबॉय बघत होता. याहून वाईट शिव्या तिनं रोज पचवल्या होत्या, पण त्या परक्यांच्या. ही जिव्हारी लागली. "बरं," एवढंच म्हणाली आणि दादाचा बेड तिनं 'साखरे'ला देऊन टाकला.

साखर म्हणजे हाताखालची नवी मुलगी, गोड बोलते म्हणून पेशंटांनी पाडलेलं नाव. मन लावून शिकलेली, स्वभावानं गरीब. खोट एवढीच की नाही म्हणणाऱ्या माणसापुढे तिचं काही चालायचं नाही. "काका, थोडंसं खोकता का? दुखतंय? बरं बरं, संध्याकाळी करू हं." संध्याकाळी काका झोपलेले. झोपलेल्या माणसाला उठवायचं पाप कोण करणार?

त्याच्या पुढच्या दिवशी दादाला वेगळ्या खोलीत हलवलं. ती त्या खोलीवरून चालली होती. काचेतून दिसलं, दादा डोळे मिटून आडवा पडलेला, श्वास भरभर आणि वरच्यावर. आणि चौकड्याची उशी? त्याच्या टाचेखाली! वहिनीनं मायेनं सारली होती, टाच दुखते म्हणून.

ती काचेशी थांबली. आत जावं, उशी ओढावी, छातीशी द्यावी, त्यानं काय शिव्या द्यायच्या त्या देऊ देत. दुसरा कुणी असता तर गेलीच असती, विचारायलाही थांबली नसती. पण तिच्या मनात आलं, बोलावू दे की त्याला. एकदा नुसतं 'धाकटे' म्हणू दे, मी धावत येईन. आणि ती पुढे गेली. जन्मभर परक्यांचं 'नको' ऐकलं नाही आणि भावाचं तेवढं ऐकलं! काय म्हणावं या बाईला?

"दादा कसा आहे?" तिनं साखरेला विचारलं.

"छान आहेत हो ताई. काका खूप गोड आहेत, अजिबात त्रास देत नाहीत."

त्रास न देणारा पेशंट म्हणजे न खोकलेला पेशंट, हे तिच्याहून जास्त कुणाला कळणार होतं? तरी ती पुढच्या बेडकडे वळली.

रात्री ताप चढला, ऑक्सिजन उतरला आणि दादाच्या घशात परत नळी गेली. मग मात्र ती आत घुसली ती बाहेर निघेचना. छाती थोपटली, कूस बदलली, नळीतून कफ ओढला, जीव तोडून केलं सगळं. आता दादा तिचा हात झटकत नव्हता. झटकायला ताकद कुठे उरली होती? बोलायलाही येत नव्हतं, त्यामुळे 'धाकटे' हे राहूनच गेलं. तो त्या बेडवरून उठला नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी सांगायची, "त्या दुसऱ्या पोरीनं काय मायेनं केलं हो यांचं! एकदासुद्धा दुखवलं नाही. आणि सख्ख्या बहिणीनं दुसऱ्याच दिवशी अंग काढून घेतलं." ही कोपऱ्यात बसून ऐकायची. वहिनीच्या बोलण्यात खोटं तरी काय होतं? निघताना वहिनीनं उशी तिच्या हातात ठेवली. "ही तुझी. बघ, नवीच्या नवी आहे."

ती कामावर परतली. त्या दिवशीच्या पहिल्याच बेडवर एक आजी होत्या, झडपेचं ऑपरेशन झालेल्या. "आज नको गं बाई," त्या रडकुंडीला आल्या होत्या, "उद्या खोकते, शप्पथ." तिनं त्यांना उठवून बसवलं, पिशवीतून चौकड्याची उशी काढली आणि त्यांच्या छातीशी दिली.

"रडा नंतर, आधी खोका."

आजी कळवळल्या. शेजारी उभा असलेला त्यांचा मुलगा भडकला. "अहो, तुम्हाला जवळचं कुणी माणूस आहे की नाही?"

"होता," ती म्हणाली. "आजी, उशी घट्ट धरा. अजून एकदा."