चोच समुद्राकडं

पांडेसऱ्यात मी डाईंगमध्ये, कापड रंगवायच्या गिरणीत, कामाला होतो, तेव्हा खोलीच्या गच्चीवर एक कबूतर पाळलेलं. माझं एकच शर्यतीचं जनावर, आणि ते वाळत घातलेल्या कुरडयांवर घाण करायचं. शर्यतीच्या सकाळी बायकोनं सांगून टाकलं, "आज हाई पहिलं नही उनं, तर पिंजरा भंगारमा!" म्हणजे आज ते पहिलं आलं नाही, तर पिंजरा गेलाच.

शर्यत अशी की शहराबाहेर पलसाण्याला जाऊन सगळ्यांनी आपापलं कबूतर एकदम सोडायचं. ते परतलं की घरच्या माणसानं गच्चीवर धरायचं, पायाला बांधलेली चिंधी सोडायची आणि चहाच्या टपरीवर पोचवायची; ज्याची चिंधी पहिली, तो जिंकला. माझ्या घरी धरायला कोण? तीच!

म्हणून पलसाण्याला मी डोकं चालवलं, म्हणजे घोटाळा झालाच. गिरणीच्या चिमणीचा धूर बघितला. वारा समुद्राकडून, म्हणजे डाव्या अंगानं. सरळ घराकडं सोडलं तर वारा ढकलत ढकलत पार उजवीकडं पर्वत पाटियाला नेणार. मग मी कबुतराला हातात धरून चोच समुद्राकडं वळवली.

"भाऊ, बंदूक रोखतोय का?" एक जण म्हणाला.

"वाऱ्याचा हिशोब आहे. तुला नाही कळायचा."

कबूतर उडालं, एक घिरटी मारली, आणि खरंच डावीकडं तोंड करून निघालं! मी ओरडलो, "बघा, शिकवलं की शिकतं!"

"वर बघ ना जरा," तो म्हणाला. सगळ्यांचीच कबुतरं तशीच तिरकी चालली होती. माझी सगळी अक्कल त्यांना अंड्यातूनच मिळालेली.

परत येताना सायकलीला रिकामी टोपली बांधलेली. तिच्यात तोच आडवा वारा भरला आणि मला घेऊन थेट रंगाच्या पाण्याच्या गटारात. कबुतराला वाटा दाखवणारा माणूस, स्वतः हायवे सोडून गुलाबी होऊन बाहेर!

टपरीवर पोचलो तर बायको बाकड्यावर, हातात चिंधी, समोर चहा. पहिली तीच आलेली.

"कोठे व्हतात तुम्ही? मी बाजरी दाखाडी, हाक मारी, ते मना खांद्यावर येई बठनं." मग माझी पँट बघून पदर तोंडाला लावून एवढी हसली की चहा सांडला.

पिंजरा राहिला. पण पुढच्या शर्यतीपासून ती उस्ताद झाली, आणि मी टोपली वाहणारा. पलसाण्याला निघताना ती बजावायची, "फक्त टोपलीनं झाकण उघाडा. बाकी काही करू नका."