शेकाच्या बाई

कोणी बाईमाणूस शेकाच्या खोलीत पाऊल टाकायचा अवकाश, की बाई आधी आपला तळहात पुढे करायच्या. "उतरवा." नवख्या माणसाला वाटे, फी मागताहेत. त्यांना हवे असायचे दागिने. अंगावर धातू असला की शॉर्टवेव्हच्या मशीनखाली चटका बसतो, हे त्या दिवसभर सांगत आणि दिवसभर ते कोणाला पटत नसे.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला त्यांची खोली होती. दुखऱ्या खांद्याच्या पुढे-मागे दोन गाद्या बांधायच्या, मशीन सुरू करायचं, खांदा आतून ऊबदार झाला की मग हात हलवायचा. लोक त्यांना 'करंटवाली बाई' म्हणत. रामटेक-मौद्याकडची मंडळी तर "करंट जरा वाढवून द्या ना बाई" असा हट्ट धरत, जणू पोह्यांवर तर्रीच वाढून मागताहेत. बाईंचं उत्तर ठरलेलं.

"मशीन फक्त गरम करते गा. हात तं तुमालेच उचला लागते."

माझा तिथे संबंध आला तो बायकोमुळे. ती मुलींच्या शाळेत शिक्षिका. त्या उन्हाळ्यात तिचा उजवा खांदा असा धरला, की स्वतःची वेणी घालता येईना. वेणी मी घालू लागलो. ती कशी दिसे ते सोडा. तिला खरी धास्ती होती फळ्याची. शाळा उघडल्यावर फळ्यावर लिहिता आलं नाही तर वर्ग काढून कचेरीत बसवू, असं मुख्याध्यापिकांनी स्पष्ट सांगितलं होतं. वर्गाशिवाय ती कशी जगेल, याचा विचार मला करवत नव्हता.

पहिल्याच दिवशी घोडं अडलं ते मंगळसूत्रावर. "ते मी नाही काढणार," बायको म्हणाली.

बाईंनी वाद घातला नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, मंग तुमी घाला. तुमच्याचसाठी हाय ना ते?"

घातलं. बाहेर बाकावर येऊन पाहतो तर आधीच दोन नवरे गळ्यात काळे मणी घालून बसलेले. एक पागोटेवाले पाटील, छाती काढून. दुसरे आमच्याच ऑफिसातले हेडक्लार्क, शर्टाची बटणं पार गळ्यापर्यंत लावून. आता नागपूरच्या उन्हाळ्यात गळ्याचं बटण कोण लावतं, तुम्हीच सांगा. आम्ही एकमेकांना ओळख दाखवली नाही. मीही निमूटपणे वरचं बटण लावून घेतलं.

बाईंची हुशारी मला मागाहून कळली. मंगळसूत्र गळ्यात घालून कोणता नवरा पानठेल्यावर जाईल? शेक संपेपर्यंत आम्ही तिथेच बांधलेले. मग त्या आम्हाला आत बोलवत. बायका भिंतीकडे तोंड करून उभ्या, बोटांनी एकेक इंच भिंत चढत असायच्या.

"पाहून घ्या. घरी तुमालेच करून घ्या लागते. बायको म्हणन, स्वयंपाक हाय. तुमी म्हणा, भात मी पाहतो."

हेडक्लार्कसाहेब भात लावायला शिकले, हे पुढे ऑफिसात फुटलंच.

एकदा भिंतीशी बायको रडायला लागली. बाई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "दुखून राहिलं?"

"हो."

"रड वं. पण बोट खाली नको घेऊ."

आणि त्यांनी आपला हात तिच्या कोपराखाली धरला. टेकवला नाही, नुसता खाली धरला. ती रडून होईपर्यंत तो तिथून हलला नाही. त्या दिवसापासून मला बाईंविषयी जे वाटतं त्याला आदर हा शब्द अपुरा पडतो.

शाळा उघडली. हात फळ्याच्या मध्यापर्यंत पोचत होता. वर्ग वाचला, पण ती सगळं खालच्या अर्ध्या भागात लिही आणि मागच्या बाकांवरच्या मुली उभ्या राहून वाचत. बाईंना ते मान्य नव्हतं. "हात जाते वर. तूच भिते," त्या म्हणत. बायको ऐकून घेई. घरी मात्र ती दुखरा हात सांभाळूनच ठेवी, आणि मीही फार टोचत नसे.

मग बाई निवृत्त झाल्या आणि बहिणीकडे जबलपूरला जायला निघाल्या. स्टेशनवर ही गर्दी. बरे झालेले आणि अर्धे बरे झालेले, सगळे आले होते. गाडी हलली, आम्ही हात हलवू लागलो. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली आणि बायकोकडे बोट केलं.

"तो नाही वं. दुसरा."

तिनं डावा हात खाली घेतला. आजूबाजूच्या आणखी काही जणांनीही गुपचूप हात बदलले. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत आला, थांबला, मग डोक्याच्या वर गेला, आणखी वर, कोपर सरळ होईपर्यंत. बाईंनी मान डोलावली आणि त्या आत गेल्या.

गाडी दिसेनाशी झाली. हमाल आमच्यातून वाट काढू लागले.

"आता घे खाली," मी म्हणालो.

"राहू द्या जरा," ती म्हणाली.