बसवण्णाने माझे हात चाटले

माझा देवावर विश्वास होता. नळावर जरा जास्त होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. चिकपेटमधलं कापडाचं दुकान बंद करून घरी आलो की कोपरापर्यंत साबण, मग नळ धुवायचा, मग नळाला हात लागला म्हणून पुन्हा हात. नातेवाईक म्हणत, "केवढं कडक सोवळं!" दोघातिघांनी तर मला वाकून नमस्कार केला. मीही गंभीर चेहऱ्याने आशीर्वाद दिले, अर्थात लांबून. बायको मात्र म्हणायची, "अहो, देव भेटेल तेव्हा भेटेल, आधी साबणाची नवी वडी आणा."

ही सगळी गंमत संपायची ती चिन्नूपाशी. ही माझी दीड वर्षाची नात. तोंडातला खाऊ काढून दुसऱ्याला भरवायचा तिला नाद. ती माझ्याकडे आली की तिच्या लाळेची किळस येऊन मी मागे सरायचो. हळूहळू ती सगळ्यांना भरवू लागली आणि मला वळसा घालून जाऊ लागली. तेव्हा मी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "हे सोवळं नाही, आजार आहे. तुम्हाला भीतीपेक्षा किळस जास्त छळते. नकोशा वस्तूला थोडा थोडा हात लावा आणि धुऊ नका. किळस चढेल, चढू द्या. पळाला नाहीत तर ओसरते." दाराची कडी, पायपुसणं इथवर मी मजल मारली. लाळ म्हटलं की गाडी अडायची. शेवटी देवाला म्हणालो, पुढचं तू बघ.

त्याने बघितलं. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत, नंदीच्या देवळापाशी, भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. मोठ्या नंदीला शेंगा वाहून आम्ही बाहेर आलो, माझ्या ओंजळीत प्रसाद. तेवढ्यात झूल पांघरलेला एक बैल गर्दीतून आला, माझ्यासमोर थांबला आणि शेंगांसकट माझे दोन्ही तळहात मनगटापर्यंत चाटून मोकळा झाला. गरम, खरखरीत, चिकट! माझी किंकाळी देवळाच्या घंटेवर चढली.

"नळ! नळ कुठाय?"

बैलवाला म्हातारा खदखदून हसला. "नळ कशाला, स्वामी? लोक देवळातल्या दगडाच्या बसवण्णाला, नंदीला, भरवायला येतात. तुमच्याकडे तो स्वतः जेवायला आला. स्वल्प थांबा की!"

चहूकडे माणसांची भिंत. थांबलो; दुसरं करतो काय? आरतीचं तबक धरावं तसे हात पुढे धरून उभा राहिलो. किळस चढत गेली. बायको कानाशी म्हणाली, "पळू नका हं." मी डोळे मिटून देवाला म्हटलं, चढू दे, तुझीच आहे. आणि ती कधी ओसरली, कळलंच नाही. तळहातावर नुसती लाळ उरली.

बायकोच्या कडेवरून चिन्नू खिदळत हे नाटक पाहत होती. तिने गालातला अर्धा विरघळलेला बत्तासा काढला आणि थेट माझ्या ओठांशी आणला. किळस आली, थोडीशी. मी आ केला.

आजार त्या दिवशी पळाला नाही. डॉक्टरबाईंनी पुढेही मला चांगलं पिळून काढलं. बैल कोणी पाठवला, यावर मी वाद घालत नाही. जन्मभर मी देवापुढे हात जोडले, ते स्वच्छ धुऊन. ते बरबटलेले तसेच त्याच्यापुढे धरता येतात, हे त्या सोमवारी कळलं.

बत्तासा गोड होता. त्याला शेंगदाण्याचं एक सालपट चिकटलं होतं, तेही खाल्लं.