ज्योतीअक्कांनी बत्तीस बिट का ठेवलं

चोपड्याच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत ज्योती पाटील लग्नपत्रिका आणि फ्लेक्स तयार करून देतात. दुकान सासऱ्यांनी काढलं, चालवलं यांनी. गिऱ्हाईक त्यांना अक्का म्हणतं. दुकानात कॉम्प्युटर एकच. यंदा दिवाळीनंतर तो बंद पडला तो पडलाच.

बहिणीचा मुलगा हितेंद्र जळगावला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने नवं मशीन आणून त्यात चौसष्ट बिटची विंडोज टाकली. मोठाले फ्लेक्स झरझर उघडू लागले. जुन्या मशीनमधून आणलेल्या पत्रिकांपैकी मात्र एकही उघडेना. ज्या मराठी सॉफ्टवेअरवर अक्का इतकी वर्षं पत्रिका बनवत आल्या, ते फक्त जुन्या, बत्तीस बिटच्या विंडोजवर चालतं. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली.

"नव्यावर टाइप कर ना मावशी. असं काय आहे त्या फाइलींत?" हितेंद्र म्हणाला.

दोनच दिवसांनी लासूरहून झिपरू आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ सुकदेव नाना आले. आबांच्या नातवाचं, दीपकचं लग्न होतं. त्याआधी घरातल्या पियुषच्या लग्नाची पत्रिकाही अक्कांनीच काढली होती.

"अक्का, पियुषनी पत्रिका व्हती तशीच करी दे. बठ्ठं तेच. नवरदेव-नवरीनं नाव आनि तारीख तेवढी बदलाव."

इकडे हीच रीत आहे. निमंत्रकांमध्ये भाऊबंदकीतलं कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, हे एका लग्नात भांडून ठरतं. पुढची लग्नं त्याच फाइलवर निघतात. कुणी कुरकुर केलीच तर अक्का सांगत, "मशीनमध्ये आहे तसंच निघतं." लोक गप्प बसत. मशीनशी कोण भांडणार?

या वेळी आबांनी पियुषची छापील पत्रिका पुढे ठेवली आणि अक्का एकेक नाव टाइप करू लागल्या. तिसऱ्या नावाला नाना खुर्ची ओढून जवळ सरकले.

"नवीनच लिखी राह्यनी ना तू? मंग मनं नाव वर ले."

"तुनं कसं वर?" आबा म्हणाले. "नातू मना, लगीन मना घरनं."

"काम कराले मी पुढे, नावले खाले!"

"पियुषना टाइमले का नही बोलना?"

"तवय मशीनमा व्हतं. आते अक्का सोता लिखी राह्यनी."

अक्कांनी कीबोर्डवरून हात काढून घेतले. पत्रिका अर्धीच राहिली. दोघे भाऊ आले होते तसे एकाच मोटरसायकलवर बसून गेले.

अक्कांनी हितेंद्रला फोन लावला. "बत्तीस टाक परत."

"मावशी, निम्मी मेमरी वाया जाईल. विंडोज अकरा बत्तीसमध्ये येतच नाही. दहा टाकावी लागेल, तिचे अपडेट बंद झालेत. फ्लेक्सचं नवं सॉफ्टवेअर तर चालणारच नाही."

"कळलं."

"मग दोन्ही टाकतो. चालू करताना हवी ती निवडायची."

"नवी आहे म्हटल्यावर नाना तीच उघडून नव्याने लिहायला लावतील."

"अगं, फ्लेक्सचं सगळं काम समोर रूपालीच्या दुकानात जाईल."

"जाऊ दे. या भावांच्या मध्ये बसायचं त्राण नाही आता मला."

हितेंद्रने रविवारी येऊन विंडोज बदलली. चहालाही नको म्हणाला.

सोमवारी भाऊ आले. अक्कांनी पियुषची फाइल उघडली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. नानांनी चष्मा लावून आपलं नाव शोधलं. ते चौथं होतं.

"बदलत नही का?"

"नाही, नाना."

नाना चष्मा खिशात टाकत म्हणाले, "चाल, काढ मंग."

दुपारी वाढदिवसाच्या फ्लेक्सचं गिऱ्हाईक आलं. अक्कांनी बसल्या जागेवरून समोरच्या दुकानाकडे हात केला.