कपाळ अन् आभाळ

"आभाळ कुठं गेलं गं मंगल? आन् पोरीच्या कपाळाची इभूत?"

"तुमीच खाल्ली, काकू. आभाळ बी आन् इभूत बी."

जगदेवीकाकूंनी फोटो स्टुडिओच्या काउंटरवर आपटला. घाटनांदूरच्या पेठेत काकूंचं किराणा दुकान. गिऱ्हाईक असो की घरधनी, काकू बोलायच्या त्या वरच्याच पट्टीत. पण मंगल फोटोवालीही काही खालच्या पट्टीतली नव्हती. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं काढून उन्हानं रापलेली बाई. कुणाच्या तोंडावर बोलायला तिला कधी जड गेलं नाही.

फोटो काकूंच्या लेकीचा, शिवांजलीचा. स्थळांना धाडायला म्हणून कपिलधारला दर्शन झाल्यावर भर दुपारी देवळाच्या पायऱ्यांवर काढलेला. त्या दिवशी काकू मंगलच्या खांद्यावरून कॅमेऱ्यात डोकावत होत्या. "अजून उजळ कर. अजून. सावळी दिसली की लोकं नाकं मुरडत्यात." मंगल चिडून चिडून उजेड वाढवत गेली. चेहरा ज्वारीच्या पिठासारखा झाला, मागचं आभाळ कोरं करकरीत पांढरं पडलं, अन् कपाळावरच्या भस्माच्या तीन पट्ट्या त्या पांढऱ्यात कधी विरघळल्या, कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

परळीकडच्या स्थळाच्या मात्र बरोबर ध्यानात आलं. सकाळीच त्यांचा निरोप होता: पोरगी कपाळ मोकळं ठेवते, लिंगायताच्या घरात हे चालायचं नाही.

"इभूत लावल्याबिगर चहाला शिवत न्हाई माझी लेक!" काकूंच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या. "तिला मोकळ्या कपाळाची म्हणत्यात मुडदे!"

"मग मी का म्हणून बोलणी खाऊ? तवाच म्हणलते, ऊन उतरू द्या, सावलीला घेऊ. कॅमेऱ्याला दोनीकडचं झेपत न्हाई. तोंड उजळत बसलं की आभाळ जळतंय."

"बरं, ऱ्हाऊ दे. कंपुटरवर ढग चिकटव, इभूत काढ वरून. परत धाडते."

मंगलचं डोकं सणकलं. "देवाचं भस्म मी माऊसनं रंगवू? लाज वाटू द्या!"

"न्हाई रंगवायचं."

आवाज दारातून आला. शिवांजली आल्यापासून चौकटीला टेकून उभी होती. "आधी तोंड खोटं केलं, आता इभूत खोटी. ताई, दुसरा काढा. आत्ताच्या आत्ता. सावळी तर सावळी."

स्टुडिओच्या मागं रिकामी जागा होती. ऊन कलायला लागलं होतं. मंगलनं पोरीला उन्हाकडं पाठ करून उभं केलं अन् आधी आभाळाच्या उजेडावर माप धरून एक फोटो काढला. आभाळ निळंशार आलं, चेहरा अंधारात गेला.

"कोळसा केला गं माझ्या लेकराचा!"

"दम धरा. आन् हे धरा." मंगलनं थर्माकोलचा पांढरा पत्रा काकूंच्या हातात कोंबला. "खाली बसा. तिरपा करा. उन्हाची तिरीप तिच्या तोंडावर पडू द्या. हलू नका."

काकू शिव्या पुटपुटत उकिडव्या बसल्या. पत्र्यावरचा उजेड वर चढला, लेकीच्या गालावर, मग कपाळावर. अंधारातला चेहरा उघडा झाला. तीन पट्ट्या लख्ख उमटल्या.

मंगलनं बटण दाबलं अन् कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फोटो काकूंच्या नाकासमोर धरला.

"काळीच आली की!"

"तुमची हाय तशी आली. पांढरी इभूत दिसायची तर खाली कपाळ सावळंच लागतंय."

तोवर शिवांजलीनं पडद्यावरचा फोटो आपल्या मोबाइलवर टिपून घेतला. बोटं खटाखट चालली.

"कुणाला धाडला गं?"

"परळीला."

"आगं भवाने! ह्यो बघून ते करून घेतील व्हय तुला?"

"करून घ्या म्हणून न्हाई धाडला. डोळे फाडून बघा म्हणून धाडलाय." एवढं बोलून ती रस्त्याला लागली. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

"थांब गं ए!" काकू थर्माकोल हातात घेऊनच मागं धावल्या.

"माझा पत्रा!" मंगलनं तो ओढून घेतला. एक कोपरा मोडून काकूंच्या मुठीतच राहिला.

ती आत आली तर स्टुलावर पासपोर्ट फोटोला एक बाप्या केस विंचरून बसलेला.

"ताई, जरा गोरा येऊ द्या—"

"मान सरळ," मंगल खेकसली. "आन् तोंड बंद."