उजव्या खांद्याची पट्टी

गल्लीत तिला मास्तरीण म्हणतात. शाळेतली नव्हे, शिलाईची. माहेराहून आणलेल्या एका मशीनच्या तिनं दोन केल्या, पुढच्या खोलीचं दुकान केलं. घर त्यावरच चालतं, हे नवराच बुद्धविहारात उभा राहून सांगायचा. समतेवर बोलायला उठला की हमखास, "आमच्या घरी बघा, कारभारीण तीच!" टाळ्या पडायच्या. मास्तरीण मागं बसून लाजायची. कापड कुठून आणायचं, कुणाचं काम परत करायचं, हे तीच ठरवायची. त्यालाच ती कारभार समजून बसली होती.

त्या दुपारी परगावची एक मावशी बाजारात नाव ऐकून आली. बोलकी, हसरी. पिशवीतून पांढरंशुभ्र कापड काढलं.

"भाच्याच्या नवरीचं आहे हो, लग्नाला आपल्यात पांढरंच लागतं ना, वाट लावू नका! मापाला हा तिचा जुना ड्रेस."

मास्तरणीनं ड्रेस उलटा केला. दुसऱ्याची शिवण आतून बघायची तिला खोडच. उजव्या खांद्यात दुमडलेली पट्टी होती. मास्तरणीची स्वतःची लेक लहानपणी पडली, तेव्हापासून तिचा तो खांदा किंचित खाली राहिला. म्हणून तिच्या कपड्यांत मास्तरीण तशी पट्टी घालायची. फक्त तिच्याच.

म्हणजे हा ड्रेस लेकीचाच होता.

"हा... दिला कुणी?"

"मुलीच्या बापानं. विहारात ओळख झाली. सोन्यासारखा माणूस!"

"आणि आई?"

"तिचा होकार आहे की! कामात बुडालेली असते म्हणे बिचारी. म्हणाली, तुम्हीच उरका."

मास्तरणीच्या हातातली कात्री खाली पडली. आवाजानं नवरा आतून आला आणि मावशीला बघून दारातच खांब झाला.

"अगं, सांगणारच होतो. तुझ्या डोक्याला कशाला ताप, म्हटलं..."

"अगं बाई!" मावशीनं कपाळाला हात लावला. "म्हणजे आई तुम्हीच?"

"मीच." ती नवऱ्याकडे वळली. "पोरीला तरी विचारलंत?"

"ती म्हणाली, आईला पसंत असेल तर माझी ना नाही."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, आईला पसंत आहे." पोरीनं आईवर भरवसा टाकून मान हलवली होती, आणि आईला पत्ता नव्हता.

तिनं कापडाची घडी घालून मावशीपुढं सरकवली.

"हे मी ठेवून घेत नाही, मावशी. आधी मी अन् पोरगी बोलू. तिला वाटलं तर निरोप धाडीन. तेव्हा मुलाला घेऊन या. नाही धाडला, तर समजून घ्या."

मावशी कापड पिशवीत घालून उठली. नवरा पुटपुटला, "शब्द दिलाय गं मी."

"तुमचा होता, तुम्ही दिलात. माझा मागितलाच कुणी?"

ती मशीनवर बसली. लेकीचा ड्रेस मांडीवर घेतला आणि तिच्या यायची वाट बघू लागली.